पहिल्या रांगेतले चार खासदार

माझ्या भावाने बावीस वर्षांत संसदेत साडेचार हजार प्रश्न विचारले, आणि त्यातला एकही स्वतःच्या तोंडाने विचारला नाही. खासदार नव्हताच तो. खासदारांचे प्रश्न लिहून देणारा लेखनिक होता, चार खासदारांनी मिळून ठेवलेला. संसदेच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, जिन्याखाली त्याची खोली. खिडकी आहे, पण ती गाड्या लावायच्या आवारात उघडते आणि इतकी खाली आहे की दिवसभर दिसतात ती फक्त चाकं. कोणते साहेब आले, कोणते निसटले, हे दादा चाकांवरून सांगायचा. निवडणुका व्हायच्या, जुने साहेब पडायचे, नवे यायचे, दारावरची पाटी बदलायची. दादा आणि त्याचं टेबल तेवढं जागच्या जागी. सगळे त्याला प्रश्नमास्तर म्हणायचे.

मी त्याची धाकटी बहीण. तो थंड, मी तापट. लहानपणी आईने चापट मारली की मी गल्ली डोक्यावर घ्यायचे. हा फक्त "का मारलंस?" एवढंच विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभा राहायचा. आईला त्याचाच जास्त राग यायचा.

नवा खासदार निवडून आला की दादा त्याला समोर बसवायचा, चहा मागवायचा आणि सांगायचा, "साहेब, तुमचं काम सोपं आहे. कायदा येईल तो वाचायचा आणि मतदानाला हजर राहायचं. सरकार पैसा कुठे घालतंय त्यावर डोळा ठेवायचा. मंत्र्याला प्रश्न विचारायचा. बाकीची सगळी हौस." साहेब गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचे. चहा संपला की विचारायचे, "मास्तर, गाडीवर लावायची पाटी कधी मिळते?"

दादा हे हसत हसत सांगायचा, पण त्याला मनातून ते लागायचं. विश्वास होता ना त्याचा! मला तर तेव्हा गंमतच वाटायची. संसद म्हणजे माझ्या लेखी कागद. मी सरकारी छापखान्यात बांधणीच्या खोलीत कामाला होते, कंत्राटदाराकडून. सभागृहात जे जे बोललं जातं ते छापून आमच्याकडे यायचं. आम्ही बायका ते दुमडायचो, शिवायचो, चिकटवायचो, वर पुठ्ठा चढवायचो. दादा तिकडे प्रश्न लिहायचा आणि बहीण इकडे ते बांधायची. घरचाच कारखाना म्हणा ना.

माझ्या लेकीच्या लग्नाचं आधी सांगते, कारण त्यावरून आमचं वर्षभर बोलणं बंद होतं. आठ वर्षं झाली त्याला. कार्यालय मंगळवारचंच मिळालं. मी दादाला म्हटलं, तुझ्या चारही खासदारांना पत्रिका द्यायची. तो म्हणाला, "अगं, अधिवेशन चालू आहे. नको."

"का नको? सासरच्यांना कळू दे की मुलीचा मामा कुठे बसतो."

"मामा जिन्याखाली बसतो," दादा म्हणाला.

मी स्वतः जाऊन पत्रिका दिल्या. आणि आले की चौघंही! चार गाड्या दारात. चौघांना पहिल्या रांगेत बसवलं. व्याह्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. आमच्या ह्यांचं तर पोटच दोन इंच आत गेलं, इतके ताठ उभे होते. साडेतीनच्या सुमाराला दादा ऑफिसच्याच कपड्यांत आला आणि वाकून एकेका साहेबाच्या कानाला लागायला लागला. मी तरातरा गेले. म्हटलं, काय चाललंय?

"पाच वाजता मतदान आहे. साहेबांना निघायला हवं."

"न जेवता? माझ्या दारातून माणसं उपाशी जाणार? दादा, लाज नाही वाटत पाहुण्यांना उठवायला?"

आणि मी दारात जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. खरंच. नवी साडी, केसात फुलं, आणि दारात आडवी. म्हटलं, जेवल्याशिवाय कोणाला सोडायची नाही. चौघांतले मोठे साहेब, ज्यांचं सगळ्यात चालायचं, ते मोठ्याने हसले. "मास्तर, तुमच्या सभागृहापेक्षा ताईंचा हुकूम मोठा!" सगळा हॉल हसला. चौघं परत बसले, पोटभर जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दादाने घड्याळाकडे बघितलं आणि निघून गेला. सख्ख्या भाचीच्या लग्नातून, फोटो काढायच्या आधी! त्या फोटोत चारही खासदार आहेत, आम्ही आहोत, व्याही आहेत, मामा नाही. तो फोटो मोठा करून मी भिंतीवर लावला आणि मामाशी बोलणं टाकलं. वर्ष गेलं तसा राग ओसरला. तो राग धरणारा नव्हताच, त्यामुळे एकटीने किती दिवस भांडणार?

त्यानंतर दोनेक वर्षांनी छापखान्यात नवं सोल्युशन आलं. आधी आम्ही खळ वापरायचो, शिजवायची, लावायची, वाळायला रात्र जायची. सोल्युशन डब्यातून यायचं, ब्रशने लावलं की पाच मिनिटांत पक्कं. गोडसर वास. पहिल्या दिवशी आम्हाला उगाचच हसू येत होतं, डोकं हलकं झालेलं. खोलीला दोन खिडक्या, पण वाऱ्याने कागद उडतात म्हणून मुकादमाने त्या खिळे ठोकून बंद केलेल्या. तिथे आम्ही नऊ बायका, दिवसाचे नऊ तास.

मला कळलं ते चपलेवरून. एक दिवस घरी आले तर एका पायात चप्पल नाही. कुठे पडली पत्ता नाही. हे म्हणाले, "एक चप्पल कुणाला दान केलीस?" मीही हसले. आठवड्याने परत तेच. मग कळलं की पाय जमिनीला टेकतो ते मला कळतच नाही. मग बोटांतून सुई पडायला लागली. मग कप. माझ्या शेजारी एक बारकुडी बाई बसायची, आम्ही तिला चिमणी म्हणायचो. नवरा सोडून गेलेला, दोन पोरं पदरात. तिलाही हेच सुरू झालं होतं. जिना उतरताना ती एकेक पायरी डोळ्यांनी बघून पाय टाकायची.

डॉक्टरने आम्हा नऊजणींना तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, हा त्या डब्यातल्या वासाचा परिणाम आहे. नसा मरताहेत. ज्यांना वर्षाच्या आत बाहेर काढाल त्यांचं बरंचसं भरून येईल. नंतर आलात तर मी काही करू शकत नाही. माझी मुदत टळलेली होती. चिमणी कामाला उशिरा लागली होती, तिच्या हातात अजून सहा महिने होते. पण काम सोडून ती खाणार काय? पोरांना घालणार काय? खिडक्या उघडाव्यात, पंखे बसवावेत, खळ परत आणावी आणि सरकारी दवाखान्याचं कार्ड मिळावं, एवढंच आम्हाला हवं होतं. कामगार तपासणीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाबूने मान वर न करता सांगितलं, "तुम्ही कायद्यात बसत नाही."

"आम्हाला खुर्ची नको, कार्ड हवंय," मी म्हटलं. पण तो काही हसला नाही.

मग मी दादाकडे गेले, त्या जिन्याखालच्या खोलीत. सगळं सांगितलं. बाबूचं वाक्य सांगितलं तेव्हा त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. पण माझं लक्ष स्वतःच्या पायांत. मला वाटलं, आढेवेढे घेतोय. त्याचा एक नियम होता, घरचं काम सभागृहात न्यायचं नाही. बावीस वर्षांत गावोगावच्या विहिरी, पूल, शाळा, दवाखाने सगळ्यांचे प्रश्न लिहिले, पण आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं होतं ते तुंबलंच.

"लोक म्हणतील, मास्तरने बहिणीसाठी साहेबांना वापरलं," तो म्हणाला.

"नऊ बायका आहेत, त्यातली एक तुझी बहीण निघाली, एवढाच गुन्हा आहे ना? मग आठजणींसाठी लिही. मला वगळ!"

त्याने एकदा खिडकीतल्या चाकांकडे बघितलं. मग कागद पुढे ओढला. "सांग," म्हणाला.

मी सांगितलं. जे तोंडाला आलं ते सांगितलं. कंत्राटदाराचा उद्धार केला, मुकादमाच्या सात पिढ्या काढल्या, चिमणीची पोरं सांगितली, चप्पल सांगितली. दादा लिहीत होता. शेवटी त्याने वाचून दाखवलं, चार ओळी. सरकारी मुद्रणालयाच्या बांधणी विभागातील नऊ महिला कामगारांना रासायनिक द्रव्यामुळे नसांचा विकार जडला आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्यांच्या उपचारांसाठी कोणती उपाययोजना करण्यात आली आहे?

"एवढंच? यात माझे पाय कुठे गेले?"

"राग लिहिला तर प्रश्न नाकारतात," तो म्हणाला. "राग काढून टाकायचा, मगच तो आत जातो. माझं काम तेच आहे गं."

मग त्याने समजावलं. लेखी उत्तर म्हणजे लावून घेतलेलं दार. छापतात आणि संपलं. तोंडी प्रश्नाचं तसं नाही. मंत्र्याने उत्तर दिलं की खासदाराला तिथल्या तिथे पुरवणी प्रश्न विचारता येतो. सगळ्यांसमोर, वर्तमानपत्रवाले लिहून घेताहेत, अशा वेळी मंत्री नुसतं "तपासून घेतो" म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी अधिकारी पंखे घेऊन धावतात. पण तोंडी प्रश्नांच्या चिठ्ठ्या काढतात. तासाभरात पाच-सहा प्रश्नांपर्यंतच जेमतेम पोचतं, खालचे राहून जातात. आणि ज्या खासदाराच्या नावावर प्रश्न आहे त्याने आपल्या जागी उभं राहून नंबर सांगितला पाहिजे. नाही सांगितला तर प्रश्न मेला.

मोठ्या साहेबांच्या नावावर प्रश्न टाकला. त्यांनी वाचलासुद्धा. म्हणाले, "अरेरे, ताईंना झालंय का हे? मास्तर, हा मी स्वतः विचारणार." आणि चिठ्ठीत नंबर लागला चौथा. दादाने फोन केला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येईना. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कसला तरी आनंद झालेला मी ऐकला.

त्या दिवशी चिमणीने खाडा केला आणि आम्ही दोघी संसदेत गेलो. प्रेक्षकांच्या सज्जाला बासष्ट पायऱ्या. लिफ्ट आहे, पण ती सदस्यांसाठी. मला त्या चढणं शक्य नव्हतं, म्हणून दादा खोली सोडून आला. एका बाजूला तो, एका बाजूला कठडा, मागे चिमणी एकेक पायरी डोळ्यांनी मोजत. दर दहा पायऱ्यांनी थांबायचं. तो म्हणत होता, "घाई नको. साहेबांची सही झालीय हजेरीच्या वहीत, मी बघून आलोय. पावणेअकराची सही. आलेत ते."

वर बसलो. खाली हिरव्या गालिच्यावर खुर्च्यांच्या रांगा. निम्म्याहून जास्त रिकाम्या. दादाने बोट दाखवलं, ती मोठ्या साहेबांची जागा. समोर दादाने टाइप केलेला पुरवणी प्रश्नांचा कागद, उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा पेला. खुर्ची रिकामी होती. दादा म्हणाला, "बाहेर कुणाशी तरी बोलत असतील. येतील."

पहिला प्रश्न मासेमारीच्या बोटींचा. दुसरा कसल्या तरी करांचा. तिसऱ्या प्रश्नाला मंत्री लांबण लावत होते आणि मी मनात म्हणत होते, लावा, अजून लावा. दादा सज्जाच्या कठड्याला धरून उभा राहिला होता. शिपायाने त्याला दोनदा खाली बसवलं.

अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न क्रमांक चार."

कोणी उठलं नाही. आमच्या प्रश्नाचा मंत्री अर्धवट उठला होता, हातात फाइल. अध्यक्षांनी चष्म्यावरून त्या खुर्चीकडे बघितलं. "सन्माननीय सदस्य उपस्थित नाहीत. प्रश्न क्रमांक पाच." मंत्री खाली बसला, फाइल मिटली आणि शेजारच्याशी काहीतरी बोलून हसला. कितीसा वेळ लागला असेल? मी खोकले असते तर तेवढ्यात माझं हुकलं असतं.

चिमणीने माझा हात दाबला. "ताई, आपला झाला का? काय म्हणाले ते?"

पायऱ्या उतरताना मी दादाला बोलायचं बाकी ठेवलं नाही. त्याच्याकडे एक पद्धत होती, सगळ्या संसदेला माहीत असलेली. कोणताही तोंडी प्रश्न लागला की तो दुसऱ्या एका खासदाराच्या नावाने अधिकारपत्र करून ठेवायचा. मूळ साहेब गैरहजर असतील तर हा दुसरा उभा राहील. तो त्याला जोडचिठ्ठी म्हणायचा. जोडचिठ्ठीशिवाय त्याने कधी कुणाची विहीरसुद्धा वाऱ्यावर सोडली नव्हती.

"जोडचिठ्ठी कुठे आहे?"

"नाही घेतली."

"का?"

"घरचं काम. एका साहेबांना सांगितलं तेच जड गेलं होतं मला. दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगू? आणि सही झाली होती गं."

"आणि चाकं? रोज बघतोस ना चाकं? आज गाडी गेली ती दिसली नाही?"

तो माझा दंड धरून पुढची पायरी उतरला. मग माझंच माझ्या लक्षात आलं. गाडी गेली तेव्हा तो मला पायऱ्या चढवत होता. मग तर मला जास्तच संताप आला, त्याचा, माझ्या पायांचा, त्या बासष्ट पायऱ्यांचा. भर चौकात मी त्याला म्हटलं, "लोकांसाठी वाघ आणि घरासाठी शेळी! तुझ्या त्या चांगुलपणाला जाळायचंय का?" चिमणी मला आवरत होती. तिला तर अजून नीटसं कळलंही नव्हतं की काय गेलं.

साहेब कुठे गेले होते ते दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. त्यांच्या मतदारसंघात गाद्यांचं नवं दुकान निघालं होतं, त्याची फीत कापायला. सही करून हजेरी लावली आणि गेले. फोटो होता. गादीवर बसलेत, हातात कात्री, बाजूला दुकानदार. खाली लिहिलेलं, गादी दाबून पाहताना खासदार.

मी ठरवलं, सोडायचं नाही. रविवारी ते लोकांना भेटतात, तिथे जाऊन बसले. बाहेरच्या बाकावर पंचवीस-तीस माणसं. एकाच्या हातात मुंजीची नाही तर लग्नाची पत्रिका, एकाला बदली हवी, एकाला पोराचा शाळेत प्रवेश, एकाचं नवं दुकान. कायद्याबद्दल विचारायला आलेलं कुणी नाही. माझा नंबर आला. मी बसलेच नाही. म्हटलं, "साहेब, तुमचं काम काय आहे हो?"

त्यांनी मला ओळखलं. चेहरा पडला, हे खरं सांगते. निर्लज्ज माणूस नव्हता तो. म्हणाले, "ताई, चुकलंच. आपला नंबर येईपर्यंत परत येईन असं वाटलं होतं. पुढच्या अधिवेशनात परत टाकू."

"पुढचं अधिवेशन पाच महिन्यांनी. तोवर चिमणीचे पाय जातील."

"मी मंत्र्यांशी बोलतो खासगीत."

"खासगीत बोलायला तुम्हाला निवडून दिलं का? तुमची खुर्ची तिकडे आहे, गादीच्या दुकानात नाही!"

तेव्हा ते चिडले. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "ऐका. तो दुकानदार दोन हजार मतांचा माणूस आहे. बारा वर्षं मी खासदार आहे. सभागृहात काय बोललात, कुठल्या कायद्याला मत दिलंत, हे मला एका माणसाने विचारलेलं नाही. एकाने! लग्नाला का नाही आलात, मयताला का नाही आलात, हे सगळे विचारतात. बाहेर बसलेत त्यांना विचारा, त्यांना कसला खासदार हवाय. आणि तुमच्याकडे नव्हतो का आलो? तुम्हीच तर दार अडवून जेवायला बसवलं होतंत."

 मी तिथून निघाले आणि रस्ताभर त्यांना शिव्या घालत होते. मोठा आलाय शहाणा, म्हणे लग्नाला आलो होतो. लग्नाचा आणि याचा काय संबंध?

तोंडी विचारला न गेलेल्या प्रश्नाचं उत्तर लेखी म्हणून छापतात. तीन महिन्यांनी तो खंड बांधून झाला. बांधला कुणी? त्याच खोलीत, राहिलेल्या आठजणींनी. माझी बोटं दुमड घालत नव्हती म्हणून मला कंत्राटदाराने केव्हाच घरी बसवलं होतं. दादा तो खंड घेऊन आला. एरवी तो बूट काढून आधी पाणी मागतो. त्या दिवशी तसाच बसला आणि पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. मी उघडलं. कोऱ्या पुस्तकातून तो गोडसर वास भसकन नाकात गेला.

उत्तर पाच ओळींचं होतं. सदर महिला कंत्राटदारामार्फत नेमलेल्या आहेत. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याविषयीच्या कायद्यात जी दुरुस्ती संमत झाली, तिच्यानुसार सरकारी कारखान्यांतले कंत्राटी कामगार तपासणी आणि उपचारांच्या तरतुदींतून वगळण्यात आले आहेत. सबब, प्रश्न उद्भवत नाही.

दुरुस्ती कधी संमत झाली ती तारीख दिली होती. मी ती दोनदा वाचली. तारीख, महिना, वर्ष. आमच्या घरात एका फोटोखाली सोनेरी अक्षरांत तीच तारीख आहे.

मी दादाकडे बघितलं. "हेच का ते? पाच वाजताचं?"

"हो."

"तुझे चौघं कुठल्या बाजूने होते?"

"विरोधात. आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषण केलं होतं. मीच लिहिलं होतं ते."

"किती मतांनी झालं?"

त्याने पुस्तक मिटलं.

"दादा, किती मतांनी?"

"तीन."

हे आतून बाहेर आले होते, ते दारातच उभे राहिले. मी हिशेब केला नाही. त्यात करण्यासारखं काय होतं? चार माणसं पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होती आणि मी दारात हात पसरून उभी होते, हसत.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. साडेपाचला. वरच्या सज्जात बसून मोजत होतो."

"आणि बोलला नाहीस? मी वर्षभर तोंड बघितलं नाही तुझं, तेव्हा तरी बोलायचंस! तो बाबू म्हणाला कायद्यात बसत नाही, तेव्हा बोलायचंस!"

"काय बोलणार?" दादा म्हणाला. "तेव्हा तुमच्याकडे खळ होती. हे असलं काही होईल हे मला तरी कुठे ठाऊक होतं? आणि तू त्या दिवशी इतकी खूश होतीस गं. तेवढी खूश मी तुला कधी बघितली नव्हती."

मी म्हटलं, "शिव्या तरी दे मला." तर म्हणाला, "पाणी दे थोडं." पेला माझ्याच्याने धरवत नाही, म्हणून ह्यांनी आणून दिला.

पुढच्या अधिवेशनात दादाने प्रश्न परत टाकला. या वेळी जोडचिठ्ठी होती, दोन दोन. चिठ्ठीत नंबर लागला सतरावा. सभागृह तिथवर पोचलंच नाही. उत्तर लेखी आलं, मागच्याच पाच ओळी. त्या वर्षी दादा निवृत्त झाला. निरोपाला पाच खासदारांनी भाषणं केली म्हणे. मोठ्या साहेबांनी डोळे पुसले, तेही खोटे नसतील. दादा घरी आला, हार खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "सगळे वेळेवर आले होते."

चिमणीची सहा महिन्यांची मुदत संपून वर्ष झालं. अजून तिथेच आहे ती, जमेल तसं चिकटवते, तिचं दुमडायचं काम बाकीच्या करतात. तिला मी तारखेचं काही सांगितलेलं नाही. जीभच रेटत नाही, माझी जीभ, जिने कुणालाही सोडलं नाही. परवा ती आली होती. भिंत धरत, खुर्ची धरत आत आली, बसली, चप्पल आहे का पायात ते वाकून बघितलं. म्हणाली, "ताई, दादांना सांगा ना, अजून एकदा टाका म्हणावं. या वेळेस लागेल आपला नंबर."

मी म्हटलं, सांगते.

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिने तो फोटो नीट बघितला, पहिल्या रांगेतले चौघं एकेक करून बघितले. म्हणाली, "केवढी मोठी माणसं आली होती हो तुमच्याकडे! जेवूनसुद्धा गेली?"

मी म्हटलं, "हो. मीच सोडलं नाही."